युरेनियमच्या काळ्या सुया

वैदेही अमेरिकेत आयसेलिनला मोहरीलांच्या बेसमेंटमध्ये राहायला येऊन आठ महिने झाले होते, पण ती नेमकं काय शिकते हे घरमालकीण पद्मिनीकाकूंनी तिला कधी खोदून विचारलं नव्हतं. माशांच्या हृदयावर काहीतरी रिसर्च करते, युनिव्हर्सिटीला बसने जाते आणि रविवारी कोल्हापूरला आईला फोन करते, एवढं त्यांना ठाऊक होतं. दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मात्र ती वर आली आणि जेवणाच्या टेबलाशी नुसतीच बसून राहिली. काकूंनी पुढ्यात ठेवलेल्या पोह्यांना तिने हातसुद्धा लावला नाही.

"काय गं, बरं नाही का?"

"नाही काकू, मी बरी आहे. माझे फोटो बरे नाहीत."

तिने बॅगेतून एक मोठा काळा-पांढरा फोटो काढला. राखाडी पट्टे, त्यांच्यामध्ये शेंगदाण्यासारखे लांबट गोल, आणि या सगळ्यावर कुणी टाचण्यांची डबी उपडी करावी तशा काळ्याभोर सुया.

"हे झेब्राफिशचं हृदय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचं," वैदेही म्हणाली. "या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला ना, तरी दोन महिन्यांत ते परत वाढतं. ते कसं वाढतं, ते बघायचंय. पण या सुयांमुळे काहीच दिसत नाही. सहा आठवडे झाले, यार, प्रत्येक फोटोत सुया."

"आणि त्या असतात कशाच्या?"

"आमच्या स्टेनच्या. म्हणजे रंगाच्या. युरेनियमच्या."

सोफ्यावर बातम्या बघत बसलेल्या डॉक्टर प्रताप मोहरीलांनी मान वळवली. "काय? युरेनियम? आमच्या बेसमेंटमध्ये?"

"लॅबमध्ये हो, काका! युरेनिल अ‍ॅसिटेट. अगदी थोडं असतं. किरणोत्सार फार कमी, पण पोटात जाता कामा नये, म्हणून ग्लोव्ह्ज घालतो."

काकूंचं या संवादाकडे लक्षच नव्हतं. त्या फोटोकडे बघत होत्या. युरेनिल हा शब्द त्यांनी छत्तीस वर्षांत ऐकला नव्हता.

नागपूरला एम.एस्सी.ला असताना त्यांना तो रोज भेटायचा. कशातही फॉस्फेट किती आहे ते मोजायचं असलं, की ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या उभ्या काचनळीत, युरेनियमचं फिकट पिवळं द्रावण भरायचं आणि खालच्या गरम फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचं. शेजारी पांढऱ्या टाइलवर पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब ओळीने मांडलेले. काचेच्या कांडीने फ्लास्कमधला थेंब उचलून त्यातल्या एकाला लावायचा. फॉस्फेट शिल्लक असेपर्यंत ते सगळं युरेनियम धरून ठेवायचं आणि टाइलवर काही व्हायचं नाही. फॉस्फेट संपलं की पुढचा थेंब विटकरी. वर्गातल्या एकोणीस जणांत पद्मिनीचं उत्तर सगळ्यांत अचूक यायचं. मग लग्न झालं, अमेरिका आली, अनिश झाला, आणि एम.एस्सी.चं सर्टिफिकेट पासपोर्टच्या पाकिटात गेलं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

"फोटोत युरेनियम कशाला लागतं पण?" त्यांनी विचारलं.

"पेशी हलक्या अणूंच्या असतात ना, काकू. इलेक्ट्रॉन त्यांच्यातून आरपार जातात, काहीच उमटत नाही. युरेनियम जड. ते जिथे चिकटतं तिथे इलेक्ट्रॉन अडतात आणि तिथे काळं दिसतं."

"आणि ते चिकटतं कशाला?"

"डीएनए, आरएनए, पेशीची पातळ आवरणं…"

"म्हणजे ज्याच्यात फॉस्फेट आहे त्याला," काकू म्हणाल्या.

वैदेही चमकून त्यांच्याकडे बघत राहिली.

"अगं, युरेनियम आणि फॉस्फेट समोरासमोर आले की लगेच साका बसतो, न विरघळणारा गाळ. या सुया तोच साका असणार. तुम्ही धुता कशाने ते?"

"धुवायचं द्रावण, म्हणजे बफर, फॉस्फेटचं आम्ही वापरतच नाही, काकू. ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरा बफर आहे." वैदेहीचा आवाज पडला. "स्टेन नवीन मागवला. तो उजेडाने खराब होतो म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळलं. गाळूनही घेतला. आमची डोरोथी आहे ना, मायक्रोस्कोप सांभाळते, ती तीस वर्षं हे करतेय. ती म्हणते तुझाच हात नीट नाही."

काकूंनी फोटो तिच्याकडे सरकवला. पहिलाच अंदाज चुकला होता, आणि तोही भलत्या तोऱ्यात सांगितलेला.

पण तो विषय त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मेथी निवडून घेतानाही त्या मनाशी सगळं पुन्हा मांडत होत्या. बफरमध्ये फॉस्फेट नाही. स्टेनमध्ये नाही. तरी साका बसतो, म्हणजे ते कुठून तरी येतंय. न येता साका बसूच शकत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वैदेहीला जिन्यातच गाठलं.

"मला एकदा बघायला मिळेल का, तू कसं करतेस ते? मी कशाला हात लावणार नाही."

वैदेही घुटमळली. काकूंना ते दिसलं. साडीवर स्वेटर घातलेल्या काकूंना डोरोथीसमोर कसं उभं करायचं, हाच प्रश्न तिला पडला असणार. पण तिच्या गाइडने फोटोंसाठी दिलेल्या मुदतीचे दहाच दिवस उरले होते. "गुरुवारी चला," ती म्हणाली.

गुरुवारी काकूंनी कॉरिडॉरमधल्या रजिस्टरमध्ये सही केली, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवला आणि तळघरातल्या त्या खोलीत पाऊल टाकलं. साखळीचा चष्मा लावलेल्या, साठीच्या डोरोथीने मान हलवून नमस्कार केला आणि आपल्या कामाला लागली.

वैदेहीने सगळं सावकाश करून दाखवलं. तांब्याची इवलीशी जाळी, तिला म्हणायचं ग्रिड. तिच्यावर हृदयाचा काप, इतका पातळ की हवेच्या झुळकेनेही उडावा. चिमट्याने ती जाळी उचलून पिवळ्या थेंबावर पालथी ठेवायची, वर झाकण घालायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग तीन छोट्या बीकरमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकामागून एक बुडवून काढायची.

"पाणी कुठलं?"

"मशीनचं. आजच काढलंय."

"आणि बीकर?"

"धुतलेले आहेत, काकू."

काकूंनी हात न लावण्याचा शब्द दिला होता. तो त्यांनी मोडला. शेल्फवरचा एक कोरडा बीकर उचलून त्यांनी आतून बोट फिरवलं, मग अंगठ्यावर घासून बघितलं. काचेवर बोट सरकायला हवं होतं. ते किंचित अडकत होतं, नीट न विसळलेल्या भांड्यात अडकतं तसं.

"हे कशाने धुता?" त्यांनी इंग्रजीत डोरोथीला विचारलं.

"डिशवॉशर आहे बाहेर. सगळी काच त्यातूनच निघते, मॅडम. स्वच्छ असते."

"पावडर कुठली?"

डोरोथीने सिंकखालचं खोकं दाखवलं. सुपरमार्केटात मिळतं तसलंच. काकूंनी चष्मा वर सरकवून कडेची बारीक अक्षरं वाचली आणि बोट तिथे ठेवून खोकं वैदेहीपुढे धरलं. फॉस्फरस, म्हणजे त्यातलं फॉस्फेटच, टक्क्यांमध्ये.

"पण ते धुऊन जातं की," डोरोथी म्हणाली. "दोनदा पाणी फिरतं."

"जातही असेल," काकू म्हणाल्या. "बघू या ना. तुमच्याकडे अमोनियम मॉलिब्डेट आहे?"

डोरोथीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "आहे. व्हायरसचे फोटो काढताना लागतं. तुम्हाला कसं माहीत?"

"मला व्हायरसचं नाही माहीत. मला फॉस्फेटचं माहीत आहे."

त्यांना ग्लोव्ह्ज दिले, गॉगल दिला. डोरोथीने वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली नायट्रिक अ‍ॅसिड काढून दिलं. काकूंनी दोन नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या घेतल्या. एकीत मशीनचं नुसतं पाणी, दुसरीत त्या बीकरमध्ये खळबळून घेतलेलं पाणी. दोन्हींत आधी अ‍ॅसिड आणि मग मॉलिब्डेट घातलं. तिघी वाकून बघू लागल्या.

काहीच झालं नाही. मिनिट गेलं, दोन गेली. दोन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. वैदेहीने खाली मान घातली. डोरोथीने मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि काकूंना ते जड गेलं. आपण इथे कशाला आलो, असं क्षणभर वाटून गेलं. मग हातातल्या नळीचा गारवा त्यांना जाणवला.

"गरम," त्या मराठीतच म्हणाल्या. "अगं, गरम करायला हवं! कोमट तरी."

डोरोथीने गरम पाण्याचं भांडं आणलं. दोन्ही नळ्या त्यात उभ्या केल्या. थोड्याच वेळात एका नळीत हळदीचं बोट बुडवावं तशी झाक आली. ती गडद होत गेली, आणि मग तळाशी बारीक पिवळा गाळ बसू लागला. दुसरी नळी होती तशीच राहिली.

"कुठली पिवळी झाली?" डोरोथीने विचारलं, खरं तर तिला दिसत होतं.

"बीकरची," वैदेही म्हणाली.

काकूंनी खोक्यातली चिमूटभर पावडर विरघळवून तीही तपासली. ती नळी पिवळीधमक झाली. डोरोथी स्टुलावर बसली.

"मार्चमध्ये लॅबचं काच धुवायचं लिक्विड संपलं," ती हळूच म्हणाली. "ऑर्डर यायला वेळ लागणार होता. हे खोकं मीच आणलं. आणि या मुलीला सांगत राहिले की तुझा हात वाईट आहे." ती वैदेहीकडे वळली. "सॉरी, हनी."

वैदेहीने डोरोथीच्या खांद्यावर हात ठेवला, मग काकूंचाच हात धरला, ग्लोव्हसकट.

त्या दुपारी तिघींनी मिळून सगळी काच अ‍ॅसिडने आणि मग पाच वेळा मशीनच्या पाण्याने धुतली. काकूंनी घरी फोन केला. "अहो, फ्रीजमध्ये वरण आहे, गरम करून घ्या. मला उशीर होईल."

"कसला उशीर?" डॉक्टरांनी विचारलं.

"भांडी घासतेय," काकू म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या.

मंगळवारी नव्या ग्रिड तयार झाल्या. वैदेहीने काकूंना मुद्दाम बोलावलं. खोलीतले दिवे मालवल्यावर मायक्रोस्कोपच्या काचेमागचा पडदा मंद हिरवा उजळला. डोरोथीने बटण फिरवलं तसं चित्र ठळक झालं. एकही सुई नव्हती. स्नायूंचे पट्टे कोऱ्या वहीवरच्या रेघांसारखे आखीव, शेंगदाण्यांच्या आत घड्यांवर घड्या, आणि भोवती खसखशीसारखे काळे ठिपके.

"हे ठिपके कसले?"

"रायबोसोम, पेशीतले प्रथिनं बनवणारे कण. त्यांच्यात आरएनए असतं. युरेनियम तिथेच बसलंय, बघा."

काकू पुढे वाकल्या. ब्युरेटमधून थेंब सोडताना तेव्हा त्या फक्त आकडे काढत होत्या. आपण मोजतो ते फॉस्फेट कुठल्या जिवाच्या कुठल्या कोपऱ्यात असतं, हे कुणी दाखवलं नव्हतं. पट्ट्यांच्या एका बाजूला ठिपक्यांची दाटी होती, दुसऱ्या बाजूला ते विरळ होते.

"इकडे इतके का आणि तिकडे कमी का?"

"वाढत्या पेशींत हे जास्त असतात. इकडचा भाग कापल्यावर नवीन वाढलाय. असं मला वाटतं," वैदेही म्हणाली. "पण जुनं कुठे संपतं आणि नवीन कुठे सुरू होतं, तेच नक्की कळत नाही. कुणालाच अजून कळलेलं नाही."

"कुणालाच नाही?"

"नाही, काकू."

काकूंनी स्टूल पुढे ओढलं. "डोरोथी, जरा डावीकडे घ्याल का? ती कड बघायची आहे मला."

डोरोथीने बटणावर हात ठेवला आणि चित्र हळूहळू डावीकडे सरकू लागलं.