लॅपटॉपमध्ये न उठणारी मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. किती जुनी, ते माझ्या पाटीवर लिहिलं होतं. पण तिच्यावर इतक्यांदा रंग बसलाय, की आता माझं वय म्हणजे रंगाऱ्याची मर्जी.

बुलढाण्याजवळच्या धाड गावात सिंधूताईंच्या पिठाच्या गिरणीत मी अठरा वर्षं राबले. गरम ज्वारीचा तो वास, पट्ट्याची फटफट, रांगेतल्या बायकांच्या गप्पा! विजेचा दाब मात्र कायम कमी. बल्ब पिवळा पडे, मी नुसती कण्हत बसे. अशीच कण्हता कण्हता एक दिवस माझा रोटर गेला. रोटर म्हणजे माझ्या पोटात फिरणारा लोखंडी रूळ. त्यात धातूच्या सळ्या असतात.

कय्यूम मिस्त्रींनी तो नव्याने बांधला. सळ्यांच्या दोन रांगा केल्या: खाली तांबं, वर पितळ. उठताना, म्हणजे सुरू होताना, पितळ जोर देतं, मग तांबं पळवतं. असा रोटर गावात कुणी पाहिला नव्हता. पाहू नये म्हणून मिस्त्रींनी वरून तांब्यासारखा लाल रंगही मारला, कारण बाजारात 'पितळ घातलं' म्हणजे 'फसवलं'. कुणी विचारलं की ते सांगत, "सोळा आणे तांबं." मी पहिल्या झटक्यात उठू लागले आणि लोक तांब्याची तारीफ करू लागले.

पुढे सिंधूताईंची लेक मंजुश्री इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली. प्रोजेक्टसाठी तिने माझंच गणिती रूप लॅपटॉपमध्ये उभं करायला घेतलं. मला उघडून सळ्या मोजल्या आणि मिस्त्रीचाचांना विचारून दोन्ही रांगांपुढे 'तांबं' लिहिलं. लॅपटॉपमधली मी काही केल्या उठेना. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत जुळलं नाही, तर पुढच्या वर्षी भेटू."

रविवारी ती पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसली. दाब, पट्टा, जात्याचं वजन, सगळं बदलून पाहिलं. चाचांचा शब्द तेवढा बदलला नाही.

"काऊन रडून राह्यली बेटा?" मिस्त्री दारातूनच म्हणाले.

"पीठ गेलं डोळ्यात. चाचा, हा लॅपटॉप म्हणते, तुमची मोटर उठूच शकत नाही."

"त्याले म्हणा, धाडले येऊन पाह्य."

सिंधूताई हसल्या. मंजुश्री हसली नाही. "वर्ष जाईन माह्यं, चाचा."

मिस्त्रींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "ताई, वरच्या सळ्या पितळेच्या हायेत. तवा सांगतलं असतं, तर तुमी मोटर उचलून नेली असती."

"नेलीच असती," सिंधूताई म्हणाल्या. "म्हंजे इतके वर्षं मी पितळावर दळून राह्यली?"

"हाव."

"आन् एक दिवस बंद नाही पडली!" त्या पोरीकडे वळल्या. "मंग लिव ना वं! माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यली?"

मंजुश्रीने एक शब्द बदलला. पडद्यावरची माझ्या वेगाची रेघ सरसर वर चढली. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. अहवालात रोटरच्या आकृतीखाली नाव पडलं: कय्यूम मिस्त्री, धाड.

आता गिरणीतून निवृत्त होऊन मी मंजुश्रीच्या बुलढाण्याच्या कॉलेजात फळीवर असते. मुलं रोज लॅपटॉपमधल्या मला फिरवतात. ती तापत नाही, तिला ग्रीस लागत नाही. पिठाचा वासही तिला ठाऊक नाही. मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्या बेअरिंगला ग्रीस लावा आणि मला खरीखुरी फिरवा. आणि कुणा कारागिराचं काम उघडलंत, तर आधी 'झकास केलंय' म्हणा, मग 'काय घातलंय' विचारा. हा क्रम चुकला, की चांगला मिस्त्रीही खोटं बोलतो.