ड्युएनने बऱ्या केलेल्या एकोणतीस पेट्या

रविवारची प्रार्थना संपली की आमच्या चर्चच्या तळघरात कॉफीच्या भांड्यापेक्षा ड्युएन स्कोग्मोच्या टेबलाभोवती जास्त गर्दी व्हायची. लोक काळ्या चौकोनी पेट्या काखेत मारून यायचे. घरचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं साठवायच्या त्या पेट्या. उत्तर मिनेसोटात हिमवादळ आलं की इंटरनेट जातं, म्हणून सगळ्यांनी त्या घेतलेल्या, आणि गावात दुकान एकच असल्यामुळे सगळ्यांच्या एकाच बनावटीच्या.

ऑक्टोबरात कंपनीने पेट्यांसाठी नवं फर्मवेअर पाठवलं. फर्मवेअर म्हणजे पेटी ज्यावर चालते तो आतला मूळ प्रोग्राम. लोकांनी पडद्यावर ‘हो’ दाबलं आणि पेट्या रखडल्या. फोटो उघडेनात, आतून सारखी घरघर. मग ड्युएन पुढे आला.

“पेटीला पुढं ढकललंत, तिचा जीव घाबरला!” तो हात उंचावून सांगायचा. “तिला परत मागं न्यायचं, जिथं ती सुखात होती तिथं. नवं म्हणजे चांगलंच असतं होय? माझी बायको जुनीच आहे, केलीय का मी कधी तक्रार?”

“ती करते ना!” मागून कुणीतरी ओरडायचं आणि सगळं तळघर हसायचं.

ड्युएनच्या गळ्यात दोरीला एक पांढरा पेनड्राइव्ह लटकायचा. “मागची आवृत्ती ह्यात आहे. कंपनी द्यायला तयार नाही, पण आपल्याकडे आहे! तीन दिवस पेटी माझ्या घरी ठेवा. मध्ये डोकवायचं नाही, फोन करायचा नाही.” आणि खरंच, चौथ्या दिवशी पेटी पूर्वीसारखी पळायची. बायका त्याच्या घरी केक पोचवायच्या. व्हर्ना ओम्डाल तर म्हणायची, “देवाने ह्याच्या बोटांत काहीतरी दिलंय गं.” नाताळपर्यंत एकोणतीस पेट्या बऱ्या झाल्या. त्यातली एक माझी. मी ह्या गावची गेली तीस वर्षं डॉक्टर, कुणी जडीबुटी आणली तर फाडफाड बोलणारी, आणि मीसुद्धा पेटी देऊन गप्प बसले. लाज वाटते सांगायला.

जनेल रस्टाडची पेटी तिसावी. जनेलच्या मुलीला, ब्रिटाला, पाचव्या वर्षापासून अपस्माराचे झटके येतात. आता ती अकराची आहे. औषधं बदलून बदलून मी थकले. शेवटी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्जनने मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचं कबूल केलं. पण झटका मेंदूत नेमका कुठून सुरू होतो हे कळल्याशिवाय सुरी लावणार कुठे? जनेलने सहा वर्षं पोरीच्या पलंगासमोर कॅमेरा लावून ठेवला होता. आधी डावा अंगठा हलतो, मग मान वळते, मग डोळे; ह्या क्रमावरूनच मेंदूतल्या जागेचा अंदाज येतो. चारशेच्या वर झटके, तारीख-वेळेसकट, सगळे त्या पेटीत. सर्जनने सांगितलेलं, गुरुवारी सगळे घेऊन या.

आणि पेटी रखडलेली. व्हिडिओ दोन सेकंद चालायचा आणि थिजायचा.

“अगं, दे की इकडे,” ड्युएन म्हणाला.

“नको, तुम्हाला कशाला त्रास,” जनेल म्हणाली.

“त्रास कसला? दे.”

“नको खरंच. बघते मी काहीतरी.”

“जनेल. दे म्हणतो ना.”

आता आमच्याकडची रीत अशी आहे, की कुणी काही देऊ केलं, मग तो केकचा तुकडा असो की मदत, तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. आमच्या आज्या नॉर्वेहून येताना हे घेऊन आल्या आणि आम्ही अजून पाळतो. चाळीस माणसं बघत होती. जनेलने पेटी टेबलावर ठेवली.

“पण मी ती नजरेआड करणार नाही हं,” ती म्हणाली. “इथेच करा. माझ्यासमोर.”

ड्युएनचा चेहरा जरासा उतरला. “इथं? अगं, तीन दिवस...”

“कर रे बाबा इथेच! आम्हालाही बघू दे एकदा!” व्हर्ना म्हणाली. सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

माघार घ्यायला जागाच उरली नाही. ड्युएनने लॅपटॉप जोडला, गळ्यातला पेनड्राइव्ह लावला. वीस मिनिटांनी पडद्यावर काहीतरी लांबलचक उमटलं. त्याने लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. मी हातात कॉफी घेऊन उभी होते, आणि “काय विचारतंय ते, ड्युएन?” एवढंच म्हणायचं होतं मला. चारचौघांत माणसाला असं अडवायचं कसं, म्हणून विचारलं नाही. त्याने एक बटण दाबलं. थोड्या वेळाने पेटीवरचा पिवळा दिवा हिरवा झाला.

“हिरवा! हिरवा झाला बघा!” व्हर्ना ओरडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या तळघरात लग्नातसुद्धा टाळ्या वाजत नाहीत.

“घरी नेऊन लाव आणि तीन दिवस चालू ठेव,” ड्युएन जनेलला म्हणाला. “एकदा लावला की प्लग काढायचा नाही, आत बघायचं नाही.”

बुधवारी दुपारी जनेल माझ्या दवाखान्यात आली. अंगात कोट नव्हता, बाहेर उणे वीस. “डॉक, काही नाहीये त्यात,” ती म्हणाली. “एकसुद्धा नाही. पेटी म्हणतेय, स्वागत आहे, तुमचं नाव टाका.”

मी डेटा परत मिळवणाऱ्या एका शहरातल्या माणसाला फोन लावला. त्याने जनेलला दहा प्रश्न विचारले. मग म्हणाला, “बाई, नवं फर्मवेअर आत शिरताना डिस्कवरची मांडणी बदलतं. जुन्याला ती मांडणी वाचता येत नाही. त्याला डिस्क कोऱ्या दिसतात, म्हणून ते विचारतं: ‘तयार करू का? आधीचं सगळं जाईल.’ तुमच्या माणसाने हो म्हटलं. तेव्हापासून पेटी बंदच ठेवली असती तर बरंच वाचलं असतं. पण तीन दिवस ती पेटी टोकापासून टोकापर्यंत पुसत बसली.”

“पण डिस्क दोन होत्या,” जनेल म्हणाली. “एक मेली तर दुसरी राहावी म्हणून.”

“एक बिघडली तर दुसरी उपयोगी. दोन्हींना एकच हुकूम गेला, दोन्ही पुसल्या गेल्या.”

ती गेल्यावर मला एकच गोष्ट छळत राहिली. मग माझी पेटी कशी वाचली? घरी जाऊन संगणकावर पेटीचं माहितीचं पान उघडून आवृत्ती पाहिली. ऑक्टोबरची. नवीच! खाली नोंदवही होती, पेटी स्वतःच लिहिते ती. ड्युएनकडे होती त्या तीन दिवसांत एकच ओळ: ‘सर्व फोटोंची नवी यादी पूर्ण.’ बास. नवं फर्मवेअर आल्यावर पेटी प्रत्येक फोटो पुन्हा मोजते, त्याची यादी करते, म्हणून घरघर, म्हणून रखडणं. नीट चालू ठेवली की दोन-तीन दिवसांत आपोआप संपतं. पण आम्ही वैतागून रोज बंद करायचो, आणि ती रोज पहिल्यापासून सुरू करायची! ड्युएनने फक्त प्लग लावून ठेवला होता. मी व्हर्नाला फोन केला, मग बाकीच्यांना. एकोणतीसच्या एकोणतीस पेट्यांवर नवीच आवृत्ती.

रविवारी तळघरात मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. “ड्युएन, माझ्या पेटीत तू मागची आवृत्ती घातलीस का?”

“आता ते... प्रत्येक पेटीची तऱ्हा वेगळी असते, डॉक.”

“हो की नाही?”

“...नाही.”

“कुणाच्या घातलीस?”

“जनेलच्याच. पहिल्यांदाच. सगळे बघत होते गं. काय सांगणार होतो? की नुसता प्लग लावून ठेवतो म्हणून?”

“आणि पडद्यावर काय आलं होतं?”

“सगळं जाईल, असं होतं. मला वाटलं, असं लिहितातच ते. घाबरवायला.”

व्हर्ना उभी राहिली. “केक खाल्लेस माझे!” ती म्हणाली आणि रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्याइतकीच अक्कल मीही गहाण टाकली होती.

व्हिडिओ नाहीत म्हटल्यावर सर्जनकडे एकच मार्ग उरला. ब्रिटाला फेब्रुवारीत रुग्णालयात ठेवलं, डोक्याला तारा लावल्या आणि तिची औषधं थांबवली, झटके मुद्दाम यावेत म्हणून. सहा वर्षं जे थोपवायला आम्ही धडपडलो, त्याची वाट बघत जनेल आणि मी खुर्च्यांवर बसलो. पाचव्या दिवशी झटका आला. अकरा मिनिटं चालला. इतका लांब तिला कधीच आला नव्हता. शुद्धीवर आल्यावर तिचा डावा हात उचलेना, आणि तो अजून पुरता उचलत नाही.

त्या संध्याकाळी जनेलने मला सांगितलं, “लोकांना सांगा, डॉक. माझ्याच्याने होत नाही.” म्हणून सांगतेय. कुणी पेटी मागं नेतो म्हणाला, तर आधी दुसऱ्या जागी दुसरी प्रत करा, त्या घरात नाही, त्या पेटीत तर नाहीच. तो काय करणार, ते खरंच केलं हे कशाने सिद्ध होतं, आधी ज्यांचं केलं त्यांच्या पेटीवर आज कुठली आवृत्ती आहे, हे विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पडदा जे विचारतो ते मोठ्याने वाचायला लावा. तो रागावला तर रागावू दे. वाईटपणा घ्या.

शुद्धीवर येताच ब्रिटाने पहिलं काय विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. जीभ जड झाली होती, तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आम्हाला कळलं.

“मिळालं का त्यांना? का अजून एक लागेल?”