वडिलांच्या नावाचा पत्ता

दुकानात काचा घासून झाल्या की चष्मेवाली रोज वडिलांच्या नावाचं ईमेल उघडायची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. धाकटा भाऊ त्याच्याही आधी, त्यांच्याशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेला होता. जाताना ताईला एवढंच म्हणाला, "राग निवळला की बाबांच्या या ईमेल पत्त्यावर लिहीन." नंतर घर विकलं, दुकान हललं, फोनचे नंबर बदलले. तो पत्ता तेवढा टिकला होता.

एका सोमवारी ईमेल उघडेना. तो पत्ता ज्या इंटरनेट कंपनीने दिला होता, तिच्या ऑफिसात ती तडक गेली. काउंटरवरच्या साहेबाने अटींचा कागद पुढे सरकवला.

"मयत ग्राहकाचं खातं बंद होतं, बाई. कलम चौदा."

"मग नऊ वर्षं हे कलम झोपलं होतं का? मृत्यूचा दाखला मीच आणून दिला होता. तुमचाच माणूस म्हणाला, असू द्या, चालतंय."

"तेव्हा चाललं. आता वरून यादी आलीय."

"माझ्या शेजाऱ्यांचं खातंही वारलेल्या वडिलांच्याच नावावर आहे. ते बरं धडधडीत चालू!"

"यादीत नसतील."

"म्हणजे कलम एकच, पण माणूस बघून नंबर बदलतो? असे चष्मे मी विकले तर गिऱ्हाइकं जोड्याने मारतील मला."

साहेबाला हसू आलं, ते त्याने गिळलं. "शेजाऱ्यांचं नाव लेखी द्या. त्यांचंही बंद करू."

"कुणाचं बंद करायला नाही आले मी. माझं सुरू करा."

नाव तिने दिलं नाही. दाखल्याची जुनी पोच जोडून वरच्या ऑफिसात तक्रार केली आणि रोज जाऊन बाकावर बसू लागली. शेवटी तिथल्या अधिकारी बाईंनी निकाल दिला: जे कंपनीने स्वतः इतकी वर्षं चालू दिलं, ते न कळवता एकाएकी तोडता येणार नाही. एकोणिसाव्या दिवशी तोच पत्ता तिच्या नावावर सुरू झाला.

"मॅडम," तिने उठता उठता विचारलं, "मधल्या दिवसांत कुणी लिहिलं असेल तर?"

"ते परत गेलं असेल. असा पत्ता नाही, एवढं कळलं असेल त्यांना."

ती दुकानात आली. ईमेल उघडलं. नवीन काहीच नव्हतं. इतकी वर्षं भावाने लिहावं म्हणून ती झुरली होती. आज मात्र काचेवर हात ठेवून ती पुटपुटत राहिली, "या एकोणीस दिवसांत तू लिहिलेलं नसू दे रे."