मुदतवाढ

रांगेतून मान पुढे काढून वामनरावांनी भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ मनात वाचली. बारीक अक्षरे होती, तरी सगळी लागली. पंचाईत हीच होती. त्यांनी ओळ पुन्हा वाचली आणि डॉक्टरसमोर कोणती अक्षरे चुकवायची ते ठरवले.

ब्रह्मपुरीच्या विश्रामगृहात वाहन परवान्यांचा कॅम्प होता. वैनगंगेच्या पुरामुळे मागचा कॅम्प झालाच नव्हता, म्हणून दोन कॅम्पांची माणसे एकाच व्हरांड्यात दाटली होती. सगळ्यांना परवाना वाढवून हवा होता. वामनरावांना तो नको होता.

काचबिंदूने त्यांची कडेची नजर नेली होती. समोरचे स्वच्छ दिसे, बाजूचे नाही. गेलेली नजर परत येत नाही, असे नागपूरच्या डॉक्टरने सांगितले होते. परवा शाळेजवळ एक पोरगी कडेने त्यांच्या जीपपुढे आली. शेजारी बसलेली बाई ओरडली म्हणून ब्रेक लागला. घरी येऊन ते बायकोला, सीताबाईला म्हणाले, "बस झालं आता."

"मंग लोकाईनं जावं कशात?" ती म्हणाली.

एसटी बंद होती. जंगलातल्या रस्त्याने त्यांचीच जीप तेवढी चालत होती. उजाडायच्या आत लोक दाराशी येऊन बसत. कुणाला दवाखाना, कुणाला बाजार. वामनरावांनी डोळ्यांचा विषय काढला की हसत. भाऊ, तुमी तं दुरून माणूस ओळखता. त्यांना तोंडावर नाही म्हणणे वामनरावांना जमत नव्हते. सरकारने नाही म्हटले असते, तर कुणाला बोलायला जागा राहिली नसती.

रांगेत पुढे उभा असलेला ट्रॅक्टरवाला लटारू मागे वळला.

"भाऊ, तुमाले कायची तपासणी? तोंड पाहूनच सही करन डॉक्टर."

"पाहू तं दे त्याले."

तेवढ्यात आतून दामिनी बाहेर आली. कॅम्पचे कॉम्प्युटरचे काम तिच्याकडे होते.

"ऐका. साहेब अन् डॉक्टर पुरानं पलीकडंच अडकले. आज तपासणी नाई होणार."

गलका उठला. तिने हात वर केला.

"पुरं तं ऐका. ज्यांची मुदत संपून राह्यली, त्या साऱ्यांना वाढवून भेटली. पुढचा कॅम्प लागेपर्यंत जुनाच परवाना चालन. जा घरी."

व्हरांड्यात हसू पसरले. लटारूने वामनरावांच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. माणसे पांगली तसे वामनराव दामिनीजवळ गेले.

"बाई, माझा बंद करून टाका."

"बंद? लोक वाढवासाठी भांडून राह्यले, भाऊ."

"मले कडेचं दिसत नाई."

तिने तक्त्याकडे बोट केले. "खालची ओळ वाचा बरं."

ठरवलेली अक्षरे त्यांना आठवत होती. पण आपल्या लेकीच्या वयाच्या त्या मुलीसमोर खोटे वाचवेना. त्यांनी ओळ बरोबर वाचली.

"दिसते ना मंग. परत करायचाच असन तं मोठ्या ऑफिसात जावं लागते. तिकडचाच रस्ता बंद आहे."

जीप झाडाखाली भरून उभी होती. मासे विकून परतणारी भागीरथा रिकामी टोपली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. वामनराव स्टिअरिंगपाशी बसले, पण किल्ली हातातच राहिली.

"झालं काम?" तिने विचारले.

"नाई. बाई, मले दिसत नाई. आता नाई चालवत मी."

मागच्या सीटवरचे या वेळी कुणी हसले नाही.

"ठाऊक हाये," भागीरथा म्हणाली. "टोपलीचा वास मारते, तरी दिवाळीपासून सारे मलेच पुढं बसवून राह्यले. काऊन म्हणता?"

वामनरावांनी मागे वळून पाहिले. एकेक जण बाहेर पाहू लागला. फक्त पिंकीने नजर वळवली नाही. दवाखान्यातून आणलेले तिचे पोर तिच्या खांद्यावर निजले होते. त्याच्या हाताला सुईची पट्टी तशीच होती.

"चला ना, भाऊ," ती म्हणाली.

त्यांनी किल्ली फिरवली. जीप रस्त्याच्या तोंडाशी आली.

"थांबा. डावीकडून सायकल."

ते थांबले. त्यांना रिकामा रस्ता दिसत होता. घंटी मात्र अगदी जवळून वाजत गेली.

"घ्या आता," भागीरथा म्हणाली.