सेंट गुडुला, चौथा क्रमांक

अँब्रोसबाबांचा अंदाज जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या साप्ताहिकात येतो. आठ गावं, बेसबॉलचे आठ संघ, निम्मे सामने झालेले, आणि शेवटी कोण कितवा येणार त्याची यादी; पहिले तीन बाद फेरीत जातात. बाबा म्हणजे माझे सासरे; दूध सोसायटीतून केव्हाच निवृत्त झाले, पण हे काम एकतीस वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. गावात लोक निधनवार्तांच्या आधी हा अंदाज वाचतात, आणि निधनवार्ता आमच्याकडे फार मन लावून वाचल्या जातात.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात थरथरतो. म्हणून यंदा ते सांगतात आणि मी टाइप करते. किती वेळ, ते तिल्डा ठरवते. आमची सात महिन्यांची लेक दुपारी एकला झोपते आणि तिच्या मनाला येईल तेव्हा उठते, कधी चाळीस मिनिटांनी, कधी बारा. बाबा पावणेएकलाच मागच्या दाराने येतात, बूट पायरीवर काढतात आणि आपल्या वह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडतात. जूनमधला एकूण एक सामना त्यात पेन्सिलीने उतरवलेला. कुणी चेंडू टोलवला, कुठे गेला, कुणी अडवला, सगळं खुणांत; तेवढं त्यांना अजून जमतं.

बेसबॉल मला कळतो. मिनेसोटातल्या गावात जन्मून न कळून कसं चालेल? पण बाबा बघतात तसा तो मला कधी दिसला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी मेयरविलबद्दल सांगितलं. तिथे मागच्या मैदानात तिघे भाऊ उभे असतात. बाबा म्हणाले, उंच चेंडू आला की एकही जण हाक मारत नाही, तरी आजवर एकमेकांवर आदळले नाहीत. लहानपणापासून एका खोलीत झोपलेत, कोण कधी कूस बदलणार ते तिघांना ठाऊक आहे. लेक ऑगस्टा गावाचा पिचर त्रेचाळीस वर्षांचा. तो चेंडू इतका सावकाश टाकतो की फलंदाज वाट बघून बघून बॅट आधीच फिरवतो. पेल्की गावच्या पोरांना काही म्हणजे काही येत नाही, पण नवव्या डावात दहा धावांनी मागे असले तरी ती टोपी सरळ करून उभी राहतात. प्रत्येक संघात त्यांना प्रेम करण्याजोगं काहीतरी सापडायचंच. मी टाइप करता करता हसायचे आणि तिल्डा उठेल म्हणून तोंडावर हात ठेवायचे.

आमच्या गावाचं मात्र ते शेवटी सांगायचे. सेंट गुडुलाला त्यांनी आजवर पहिला क्रमांक कधी दिला नव्हता. आमचा संघ राज्य स्पर्धेला गेला त्याला चौतीस वर्षं झाली, आणि संघाचा आताचा मुख्य पिचर म्हणजे बाबांचा मुलगा, माझा नवरा कर्ट, तेहतीस वर्षांचा.

जूनच्या मध्यापासून कर्ट डाव्या हाताने दात घासतोय. वरच्या फळीवरची बरणी काढायची झाली तर मला हाक मारतो, आणि मी त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. रविवारी पाच-सहा डाव कसेबसे टाकतो, मग आठवडाभर उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, डॉक्टर मेयरविलचा, दुपारपर्यंत बातमी फुटेल. त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. बाबांना सांगायचं नाही. ऑगस्टपर्यंत ओढतो, म्हणाला, एकदा त्यांना राज्य स्पर्धेला नेतो, मग हात गळून पडला तरी चालेल.

गावाला काही कळलं नाही, कारण आमच्याकडचे पिचर बाप झाले की मूल दुसऱ्याच हातावर घेतात. फेकायचा हात जपायचा असतो. चर्चमधल्या बायका कर्टकडे बघून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, बघा, किती जपतो. त्याला उजव्या हाताने तिल्डाला उचलताच येत नाही, हे एकीलाही सुचलं नाही.

तिसऱ्या दुपारी बाबा वही मिटून म्हणाले, "लिही, पोरी. पहिला क्रमांक, सेंट गुडुला."

मी लिहिलं.

"कारण एकच. जो माणूस आपली लेकसुद्धा डाव्याच हातावर घेतो, त्याच्या उजव्या हातावर गावाने बिनधास्त विसंबावं."

माझी बोटं थांबली. संघाचं काम बघणारा रोमन या अंदाजाचं कात्रण भिंतीला चिकटवतो आणि त्याबरहुकूम चालतो. हे छापून आलं की कर्टला दर रविवारी नऊच्या नऊ डाव टाकावे लागणार.

"का गं? उठली का ती?"

"नाही. शेवटचं वाक्य नका घालू, बाबा."

"का? चांगलं आहे की. दोन दिवस जुळवलंय."

"चांगलं आहे. पण खरं नाहीये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही उघडली आणि जूनची पानं मागे मागे नेली. त्यांचं बोट पेन्सिलीच्या खुणांखालून फिरत राहिलं. सहावा डाव, कर्ट बाहेर, त्याच्या जागी शाळेतले लायल मास्तर. पुन्हा सहावा डाव. वळणारा चेंडू पहिल्या आठवड्यात बावीस वेळा, शेवटच्या सामन्यात चार.

"मी हे लिहिलंय," ते हळू म्हणाले. "माझ्या हाताने लिहिलंय, आणि त्याला अक्कलहुशारी म्हटलं. म्हटलं, पोरगा दम राखून खेळतोय. पेल्कीचा कुणी पिचर असता तर मी दुसऱ्याच सामन्याला ओळखलं असतं."

मी म्हटलं, मी वचन मोडलं. ते म्हणाले, तू काही सांगितलंच नाहीस, एक वाक्य खोडायला सांगितलंस. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पहिला मेयरविल, दुसरा लेक ऑगस्टा, आणि तिसरा, मलाच खरं वाटेना, पेल्की.

"चौथा, सेंट गुडुला. या संघाचा पिचर अकरा वर्षं आपल्यासाठी फेकतोय. एवढा प्रामाणिक चेंडू मी दुसरा पाहिला नाही. आता गावाने त्याचा हात त्याला परत द्यावा."

त्या दिवशी तिल्डा तासभर झोपली.

गुरुवारी दुपारी कर्ट जेवायला आला तो पेपर हातात घेऊनच. रोमनचा फोन त्याला आधीच येऊन गेला होता. उभ्यानेच त्याने चौथा क्रमांक दोनदा वाचला. मी सांगितलं, माझ्यामुळे झालं. ओव्हनमधून काढलेला बटाट्याचा हॉटडिश ताटात निवत होता आणि मला वाटलं, आता हा बाहेर निघून जाईल आणि आठवडाभर बापाशी बोलणार नाही. त्याने फोन उचलून बाबांनाच लावला.

"पेल्की तिसरे?" तो म्हणाला. "बाबा, त्यांचा दुसऱ्या बेसवरचा माणूस चेंडू पोटाने अडवतो."

बाबा फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "अडवतो ना? मग झालं."

"आणि मी पहिल्या बेसवर उभा राहिलो तर? तिथे फेकावं लागतच नाही फारसं. पिचिंग लायल मास्तर करतील."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "तर तिसरे तुम्ही. अर्ध्या सामन्याच्या फरकाने."

"मग तसं का नाही लिहिलंत?"

"तू बेसवर उभा राहायला तयार आहेस, हे मला कुठे माहीत होतं?"

कर्ट भिंतीकडे वळला. त्याच्या पाठीवरून मला काही कळेना.

"मंगळवारी डॉक्टरकडे जातोय," तो म्हणाला.

"किती वाजता?"

"नऊला."

"साडेआठला दारात गाडी घेऊन येतो. आणि हे बघ, लायलला आजच सांग. त्याला मनाची तयारी करायला दोन दिवस लागतात."

कर्टने फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि निवलेलं जेवण पुढ्यात घेतलं. मास्तरांचा नंबर मी पाठ म्हणून दाखवला. त्याने डाव्या हाताने एकेक आकडा दाबला.