बूथ नंबर एकशे चौदा

"बेटा, राज्याचा निकाल सांग, जिल्ह्याचा सांग. बूथचा आकडा मात्र तोंडातून काढू नको," फरहानाचे सासरे, सायकलवाले गफ्फारमियां, वाकड्या चाकाचा आउट काढता काढता म्हणाले होते.

फरहाना हसली. "अब्बा, मतदान गुप्त असते. राज्यशास्त्रात बी.ए. केलं मी."

"एका माणसाचं गुप्त असते. पुऱ्या तांड्याचं कसं राहीन?"

तिनं मनावर घेतलं नाही. नेरजवळच्या त्या गावात तिच्याएवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती. म्हणून तर गावपुढारी भगवानरावांनी २००४ च्या लोकसभेला तिला आपल्या पक्षाची प्रतिनिधी करून यवतमाळला मतमोजणीत बसवलं. कॉलेजपासून तिची एक वही होती: महाराष्ट्रात कुठल्या लोकसभेला कुणाच्या किती जागा, आपल्याकडे कोण आलं, कितीनं आलं. पूर्वी मतपत्रिका मिसळून मोजत, म्हणून तिच्या वहीत गावाचा रकाना कोराच राही. यंदा यंत्रं आली आणि बूथ नंबर एकशे चौदा पहिल्यांदा उघडा पडला. गावाशेजारच्या बंजारा तांड्याचा बूथ, सेवादास तिथला नाईक. दोनशे सत्त्याऐंशी मतं, त्यातली दोनशे एक्केचाळीस विरोधात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांच्या ओसरीवर तिनं तो आकडा मोठ्या हौसेनं वाचला.

"काय हो, तांडा तर तुमच्या खिशात होता म्हने!" कुणीतरी खिदळलं.

भगवानराव हसले नाहीत. "बेटी, पुन्हा वाच बरं."

तिनं पुन्हा वाचला.

दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली तांड्याकडे वळली. ट्रॉलीत माणसं, हातात कुऱ्हाडीचे दांडे. तान्ह्या कशफला सासूच्या मांडीवर टाकून फरहाना अनवाणी धावत सुटली.

तांड्यावर कापसाच्या पऱ्हाटीच्या कुडाची घरं. मे महिन्याच्या उन्हात वाळलेल्या त्या काड्या तडतडत पेटल्या. सेवादासला दारातून ओढलं. पहिला दांडा गुडघ्यावर, दुसरा तोंडावर. दात मातीत पडले. त्याची बायको जमनी आडवी आली, तिला केसांना धरून फेकलं.

"शाई दाखव रे! कोणत्या बोटानं बटन दाबलं?"

त्याचा हात दगडावर ठेवला आणि वरून दुसरा दगड घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो ओरडलासुद्धा नाही.

"सोडा त्याले! भगवानराव काका, सोडा!" फरहाना किंचाळली.

"आकडा तं तुयाच आहे, बेटी," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही का मनचं करून राह्यलो?"

जमनीनं ते ऐकलं. रक्तानं माखलेलं तोंड वर करून तिनं फरहानाकडे पाहिलं.

पोलीस आले ते सगळं जळून गेल्यावर. कुणी बोलेना. फरहानानं भगवानरावांचं नाव घेतलं, आणि आकडा कुणी वाचला तेही सांगितलं. संध्याकाळच्या आत गफ्फारमियांचं दुकान फोडलं गेलं. सासूनं तिला कशफसकट आर्णीला माहेरी धाडलं.

आठव्या दिवशी सेवादास दवाखान्यातच गेला.

आता खटल्यात तोंड उघडणाऱ्या दोघीच, फरहाना आणि जमनी. बाकीचा तांडा भीतीनं उठून गेला. जमनी गेली नाही. जळक्या घराशेजारी ताडपत्री ताणून ती एकटी राहते, आणि तोच ट्रॅक्टर तिच्या समोरून रोज जातो. फरहानाला गावात पाय ठेवता येत नाही. तीन निरोप धाडले, एकाचंही उत्तर नाही. पुढच्या सोमवारी साक्ष आहे. भेटेल त्याला ती एकच गोष्ट विचारते, तुम्हालाही तेच विचारते आहे: नेरच्या बसनं जाणार असाल तर तांड्याच्या फाट्यावर उतराल का? चार पावलं आत जा, हाक मारा. जमनी ओ देते का, एवढं पाहून या.