खिळ्यावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. गाईच्या कातड्याचा, कवड्या शिवलेला. चेपोसाइतला पहिलं मूल झालं तेव्हा तिच्या आईने मला तिच्या पोटाला आवळून बांधलं. पुढची चार बाळंतपणं मी तिथेच काढली.

आमच्या केनियातल्या केरिओ खोऱ्यात एक रीत आहे. दोन गावांचे तरुण धनुष्यं ताणून समोरासमोर आले, की एखादी आई आपला पट्टा सोडून मधोमध टाकते. तो कोणी ओलांडत नाही. मी असा दोनदा पडलो. दोन्ही वेळा सगळे आपल्या पायांनी घरी गेले. माझं कौतुक झालं, अंगाला तूप लागलं.

कौतुक सरकारच्या कानावर गेलं, तिथे घात झाला. भांडणं रोखण्यात बायकांचा सहभाग कसा वाढवावा, याचं प्रशिक्षण अधिकाऱ्यांसाठी सुरू झालं. नैरोबीहून आलेल्या मुटिसो साहेबांनी मला चार दिवसांच्या बोलीवर नेलं आणि गावाजवळच्याच सरकारी सभागृहाच्या भिंतीवर ठोकलं. त्याला सात वर्षं झाली. साहेब माझ्यावर छडी टेकवून बोलतात, अधिकारी लिहून घेतात. सगळे पुरुष. चेपोसाइतचा सहभाग चहापुरता.

परवा ती किटली घेऊन आत असतानाच निरोप आला. पाणवठ्यावर दोन्ही गावं भिडणार होती. तिचा धाकटाही तिथेच होता.

"साहेब, माझा पट्टा द्या."

"आजी, असं काय करता? दुपारच्या तासाला त्याचाच तर धडा आहे!"

"मग दुपारी खिळा शिकवा."

तिने किटली साहेबांच्या हातात दिली आणि मला ओढलं. अर्धा मी भिंतीवरच राहिलो. सात वर्षांत तुपाचं बोट लागलं नव्हतं.

पाणवठ्यावर तिने मला मधोमध टाकलं. समोरचा एक जण हसला. "हा तर ऑफिसातला! सरकारी पट्टा!" त्याने पाय उचलला.

"टाक की," चेपोसाइत म्हणाली. "नऊ महिने तुला सरकारने पोटात वागवलं असेल, तर खुशाल टाक."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पाय बराच वेळ हवेत होता. मग मागे गेला. पुढच्या वेळी जाईलच, असं मला आता छातीठोक सांगता येत नाही.

काल साहेबांचा माणूस उरलेला तुकडा मागायला आला. नवे अधिकारी यायचे आहेत म्हणे. चेपोसाइतने त्याला चहा दिला, मला दिलं नाही.

मित्रांनो, मी थकलोय. जमलं तर थोडं तूप लावा आणि मला कमरेवरच राहू द्या. भिंतीवरून मला जमिनीवर पडता येत नाही.